शितावरून शेताची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहणारी गृहिणी एकच शीत चेपून पाहते, आणि तिचें क्वचित् चुकतें. कारण सगळ्या भाताला एकच आंच लागलेली असते. शेताचें तसें नाहीं. एका बांधाजवळ कणसें भरदार, तर दुसऱ्या कोपऱ्यांत पीक विरळ. मग साऱ्या जिल्ह्याच्या पिकाचा अंदाज किती शितांवरून करावा, आणि तीं कोठून वेंचावींत?

पूर्वीं हा प्रश्न नजरेवर सोपविलेला असे. उभें पीक पाहून तें किती आणे आलें हें ठरवावयाचें, हीच आणेवारी. शेतसाऱ्याची सूट तिच्यावर अवलंबून. तेव्हां नजर कमीकडे झुकली तर नवल नव्हे. परंतु १९४३ सालीं बंगालांत दुष्काळानें लक्षावधि माणसें मेलीं, आणि कोठारांत येणारें धान्य किती हा प्रश्न केवळ दप्तराचा राहिला नाहीं.

नव्या पद्धतींत गांव, शेत आणि शेतांतील जागा हीं तिन्ही जणूं चिठ्ठ्या टाकून निवडावयाचीं. कोणाच्याहि पसंतीला तेथें वाव ठेवावयाचा नाहीं. निवडलेल्या तुकड्यांतील पीक कापून, मळून, वजन करावयाचें. येथवर सर्वांचें एकमत होतें. वाद निघाला तो तुकडा केवढा असावा यावर.

कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान वर्तुळांचे पुरस्कर्ते होते. त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: शेजारशेजारचीं रोपें बहुधा सारखींच असतात, म्हणून एके ठिकाणीं पुष्कळ कापण्यापेक्षां पुष्कळ ठिकाणीं थोडें कापावें. दिल्लीच्या शेतकी संशोधन कौन्सिलांत काम करणारे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना मात्र निराळीच शंका आली. १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाचें लक्ष गणिताइतकेंच कापणाऱ्याच्या हाताकडेहि होतें. सीमेवर उभें असलेलें रोप आंतलें कीं बाहेरचें? हातांत विळा असलेला मनुष्य तें बहुधा आंतच घेतो. त्यांत लबाडी नसते. भरलेलें कणीस सोडवत नाहीं, एवढेंच.

हिशेब करून पाहावा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाची सीमा एक इंच बाहेर सरकली, तर क्षेत्र सुमारें साडेआठ टक्के वाढतें. ३३ फूट लांब व १६॥ फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाएवढ्या तुकड्यांत तीच चूक दीड टक्का भरते. यदृच्छेनें होणाऱ्या चुका कांहीं इकडे, कांहीं तिकडे पडतात आणि संख्या वाढवितां फिटतात. ही चूक एकाच बाजूची. हजार शेतें कापलीं तरी ती तेवढीच राहते, आणि कागदावर मात्र नसलेलें धान्य दिसूं लागतें.

सुखात्मे यांनीं १९४४-४५ सालीं मुरादाबाद जिल्ह्यांत गव्हावर निरनिराळ्या आकाराचे तुकडे कापून पाहिले. लहान वर्तुळांनीं उतारा खरोखरच फुगवून दाखविला. १९४६ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. शिकविलेला माणूस जपून कापील तर लहान तुकडाहि चालेल, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, आणि तें खोटें नव्हे; पण कौन्सिलच्या पाहणींत कापणी महसूल व शेतकी खात्यांच्या नेहमींच्या नोकरांकडे असे. त्यांच्या हातीं एकराच्या ऐंशीव्या भागाचा मोठा तुकडाच देण्यांत आला.