हापसा दुरुस्त झाला, पण सही कुणाची?



हापसा बंद पडला की दुरुस्तीची गाडी येते, माणसं दोन तास खटपट करतात आणि शेवटी कागद पुढे करतात: दुरुस्ती झाली, पाणी चालू आहे. त्या कागदावर सही करणारा बहुधा हापशावर घागर घेऊन कधी गेलेलाच नसतो. आमचं म्हणणं आहे की ही तपासणी आणि ही सही पाणी भरणाऱ्या बाईकडे यावी. जलजीवन मिशनच्या नियमाप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात. मग समितीत तसा ठराव मांडायला अडचण कसली?

शिक्षण किती लागतं, हे पहिलं विचारलं जातं. आयटीआयचा फिटर व्हायचं तर दहावीनंतर दोन वर्षं. घरात मुलगी दहावी झाली असेल तर तिला जरूर पाठवा. पण तपासणीला मोजता आलं, आकडे वहीत मांडता आले, तरी भागतं. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात 1990 नंतर महिला समाख्येच्या बायका तर हापसे स्वतः खोलून दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं.

आता काम. आपल्याकडचे बरेच हापसे इंडिया मार्क दोनचे. त्यांचं वायसर खाली सिलिंडरमध्ये असतं. ते बदलायचं तर सगळे पाइप वर काढावे लागतात. म्हणून तपासणारीनं काम सुरू होतानाच हजर राहायचं. पाइप परत खाली गेले की आत काय बदललं ते कुणाला दिसणार? जुनं वायसर हातात मागा, नवं बघा. किती पाइप आणि रॉड निघाले, किती परत गेले, ते मोजून लिहा. सडलेला पाइप बाजूला काढायला सांगा.

मग पाण्याची परीक्षा. एका मिनिटात दांडा पूर्ण खाली-वर चाळीस वेळा मारायचा. बारा ते पंधरा लिटर पाणी यायला हवं. बादलीवर आधीच खूण करून ठेवा. नंतर अर्धा तास कुणाला हात लावू देऊ नका. पुन्हा मारल्यावर पाच-सहा दांड्यांत पाणी आलं तर ठीक. जास्त मारावे लागले तर आत गळती आहे, सही करायची नाही. डोक्याचं झाकण उघडायला लावून साखळीला ग्रीस लागलंय का तेही बघायचं. ओट्याला भेग असेल तर सांडपाणी परत बोअरमध्ये उतरतं. जलसुरक्षकाकडून टीसीएल टाकून घ्या आणि पहिलं पाणी ओतून द्या.

काम सोपं आहे असं आम्ही म्हणणार नाही. तीन मीटरचा एक पाइप नऊ-दहा किलोचा, आणि असे दहा-पंधरा तिपाईला लटकतात. खाली उभं राहू नका, पदर खोचून घ्या, साखळीजवळ बोट नेऊ नका. गरोदर बाईला त्या दिवशी पाठवू नका. वाड्या-वस्त्यांवर उन्हात चालत जावं लागतं आणि गाडी नेमकी खुरपणीच्या दिवशी येते.

म्हणून मोबदल्याचं आधी बोला. मजुरी बुडवून बाईनं सेवा करावी, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. गाडीवरचा माणूस पगार घेतो, ड्रायव्हर घेतो, मग तपासणारीनंच फुकट का राबायचं? दर तपासणीला किती पैसे आणि ते कोणत्या खात्यातून, हे ठरावातच लिहून घ्या. दोघी जणी नेमा. सही कर म्हणून दीर-भाऊजींकडून निरोप येतो तेव्हा एकटीला नाही म्हणणं जड जातं.

आणि वही गटाकडेच ठेवा. तारीख, वाडीचं नाव, किती पाइप, किती लिटर, पुढे दोघींच्या सह्या. तोच हापसा महिनाभरात पुन्हा बंद पडला, तर मासिक सभेत ते पान उघडून दाखवता येईल.