प्राथमिक शाळेतील विज्ञानाची पेटी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळातर्फे दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या अभ्यासपद्धतीने मराठवाड्यातील मुलांस वैद्यकाची व अभियांत्रिकीची दारे उघडून दिली, हे येथील अनेक कुटुंबे स्वानुभवाने जाणतात. परंतु आज मी बोलणार आहे ते तिसरी-चौथीतील मुलांविषयी. ‘असे का?’ म्हणून विचारण्याचे ते वय. त्या वयात आपण मुलास उत्तर पाठ करावयास लावतो, आणि त्याचे विचारणे थांबले म्हणजे शिकवणीचे शुल्क भरू लागतो.

शाळांत साहित्यच नाही, ही तक्रार सर्वस्वी खरी नव्हे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 साली खडू-फळा मोहीम सुरू झाली. तीत प्राथमिक शाळांस विज्ञानाची पेटी देण्याची तरतूद होती. पुष्कळ ठिकाणी पेटी आली, जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद झाली आणि ती कपाटात गेली. भिंग फुटले तर जाब मुख्याध्यापकाने द्यावयाचा! अशा स्थितीत कुलूप लावणाऱ्या गुरुजींस मी दोष देणार नाही. दोष आहे तो फुटलेल्या वस्तूस नुकसान समजणाऱ्या हिशेबाचा. मुलांच्या हाताळण्याने भिंग फुटले, तर ते वापरात होते एवढेच सिद्ध होते.

आणि पेटीवाचूनही पुष्कळ काही होते. ताटलीत पाणी घालून मध्ये पेटती मेणबत्ती ठेवावी व तीवर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. हवेतील पाचवा हिस्सा प्राणवायू जळाला म्हणून पाणी चढले, असे आपण सर्वांनी पाठ केले आहे. आता एकीऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून पाहा. पाणी अधिक चढते! पेला तोच, त्यातील प्राणवायू तेवढाच; मग हे कसे? तर ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून काही बाहेर निसटते आणि उरलेली थंड होताना आकसते; पाणी चढण्याचे मुख्य कारण हे. शिवाय प्राणवायू पुरता संपण्यापूर्वीच ज्योत विझते. दहा वर्षांच्या मुलीस हे स्वतःच्या हाताने उलगडले, तर छापील वाक्यही तपासून घ्यावयाचे असते, हे तिला वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्या भागाचे प्रयोग तर आपल्या पायाखालीच आहेत. तीन बाटल्यांचे बूड कापावे, तोंडास फडके बांधून त्या पालथ्या टांगाव्या. एकीत गोदावरीची वाळू, दुसरीत मुरूम, तिसरीत शेतातील काळी माती घालून प्रत्येकीत पेलाभर पाणी ओतावे. वाळूतून ते पाहता पाहता खाली येते. काळी माती फुगते, पाणी धरून ठेवते व खाली फारच थोडे सोडते. त्याखाली आपला बेसाल्टचा खडक. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या जिल्ह्यातील मुलाने पाणी जमिनीत का मुरत नाही हे पुस्तकाआधी बाटलीत पाहावे, हे मला अत्यंत अगत्याचे वाटते.

दुसरा प्रयोग, बोलताना मन जड होते असा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेक घरांच्या खाली गेली. जाड भिंती चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, आणि वर मातीचे जड धाबे. मुलांनी परातीत गोटे व चिखल यांच्या दोन लहान भिंती रचाव्या. एकीत मात्र जागोजाग आरपार जाणारे लांब दगड घालावे. परात हलविली म्हणजे कोणती आधी फुटते ते त्यांनीच सांगावे. घर बांधण्याची पाळी उद्या त्यांच्यावरच येणार आहे.

असे शिक्षण कोणी केलेच नाही, असे नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांवर आधारलेले विज्ञान सुरू झाले. 2002 मध्ये शासनाने ते बंद केले, तरी तोवर ते कितीतरी शाळांत पसरले होते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 चे. त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात काम केले. अरविंद गुप्ता यांनी तर काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या व टाकाऊ बाटल्या यांतून खेळणी घडविली; पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले.

तेव्हा मंडळापुढे माझी विनंती अशी. शिष्यवृत्तीनिधीस हात न लावता, सत्काराच्या शाली-श्रीफळांचा खर्च थोडा आवरावा व त्यातून भिंगे, चुंबक, तारा, विजेऱ्या, तापमापक अशा साहित्याच्या काही पेट्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांस द्याव्या. पेटी शाळेची राहील, केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांची नव्हे. आपली मुले त्याच वर्गात इतरांच्या शेजारी बसतात. काय फुटले ते गुरुजींनी साध्या कागदावर लिहून कळवावे, मंडळ ते भरून देईल. चौकशी होणार नाही.

आरंभ कोठून करावा असे कोणी विचारील, तर एका काठीपासून. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस आपल्याकडे मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये शाळेस सुटी, जुलैत आभाळ. निसर्गाने शाळेचे वेळापत्रक पाहिलेले दिसत नाही! तरी जुलैअखेर उघाड मिळाली, तर दोन्ही गावच्या शाळांनी घड्याळ घेऊन बसावे. सावली बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास नाहीशी होईल, आणि लातूरला नांदेडहून सुमारे तीन मिनिटे उशिरा. ती तीन मिनिटे कोठून आली, हे मुलांनी आपल्याला विचारावे. घरी उत्तर तयार ठेवा.