उन्हापासून घडणारें द्रव्य

मुडदूस हा विकार महाराष्ट्रांतील घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. मूल वेळेवर उभें रहात नाहीं, त्याचीं मनगटें जाड दिसूं लागतात, पाय धनुष्यासारखे वांकतात, टाळू लवकर भरत नाहीं. हाडांत चुना पुरेसा बसला नाहीं म्हणजे असें होतें. परंतु तो चुना कां बसत नाहीं, ह्याचा शोध घेतां घेतां शास्त्रज्ञ एका निराळ्याच प्रांतांत जाऊन पोंचले.

१९१९ सालीं इंग्लंडमध्यें एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्यांच्या पिलांना घरांत कोंडून व ठराविक अन्न देऊन मुडदूस उत्पन्न केला, आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें तो टळतो असें दाखविलें. त्याच वर्षीं बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं रोगी मुलांना अतिनील किरणांच्या दिव्यापुढें बसविलें. तींही बरीं झालीं. एकाच्या मतें अन्न हें कारण, दुसऱ्याच्या मतें प्रकाश! परंतु हुल्डशिन्स्की यांना आणखी एक गोष्ट आढळली. किरण एकाच हातावर सोडले, तरी दुसऱ्या हाताचीं हाडेंही सुधारत. अर्थात् कातडींत कांहीं तरी द्रव्य तयार होऊन तें रक्तावाटे सर्व शरीरांत जात असलें पाहिजे.

ह्या विचाराला नाशिकच्या परिसरांतूनही बळकटी मिळाली. हचिसन व शाह ह्या संशोधकांनीं १९२२ सालीं तेथील पाहणी प्रसिद्ध केली. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांना अन्न निकृष्ट मिळत असूनही मुडदूस क्वचितच होई. उलट पडदा पाळणाऱ्या सुखवस्तु घरांत तो अधिक दिसे. सांपत्तिक स्थितीनें जें दिलें होतें, तें भिंतींनीं हिरावून घेतलें होतें.

१९२२ मध्येंच अमेरिकेंत मॅकॉलम यांनीं कॉडच्या तेलांतील 'अ' जीवनसत्त्व नष्ट करून पाहिलें. तरीही तेलाचा मुडदुसावरील गुण कायम राहिला. ह्या नव्या घटकास 'ड' जीवनसत्त्व हें नांव मिळालें. पुढें जर्मनीच्या आडोल्फ विंडाउस यांना ह्या वर्गांतील द्रव्यांच्या संशोधनाबद्दल १९२८ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. परंतु जीवनसत्त्व हें नांव येथें अपुरें पडतें. जीवनसत्त्व बाहेरून अन्नांतून मिळवावें लागतें; हें द्रव्य शरीर स्वतः घडवितें. कातडींत उन्हानें त्याची सुरुवात होते, यकृतांत त्यावर एक संस्कार होतो व मूत्रपिंडांत दुसरा; तेव्हां कुठें तें पूर्ण कार्यक्षम होतें. हें अंतिम रूप १९७१ सालीं ओळखण्यांत आलें. एका ठिकाणीं तयार होऊन दुसऱ्या ठिकाणीं हुकूम चालविणाऱ्या द्रव्यास हॉर्मोन म्हणतात, आणि 'ड' तेंच करतें.

त्याचें कुळही थोर आहे. अधिवृक्क ग्रंथींतून येणारें कॉर्टिसॉल, स्त्रीत्वाचें इस्ट्रोजेन आणि पुरुषत्वाचें टेस्टोस्टेरॉन हीं सर्व स्टेरॉइड हॉर्मोनें कोलेस्टेरॉलपासून बनतात. 'ड' हें त्याच घराण्यांतील एका जवळच्या द्रव्याची एक कडी किरणांनीं उघडल्यानें बनतें. इन्सुलिन पेशीच्या दारावर थाप देऊन निरोप सांगतें. हीं द्रव्यें मात्र थेट माजघरांत शिरतात. पेशींतील विशिष्ट ग्राहकाशीं त्यांची जोडी जमते, आणि ती जोडी जनुकांवर बसून कोणतीं प्रथिनें घडवावीत हें ठरविते. ह्यामुळेंच त्यांची मात्रा अल्प आणि परिणाम दूरवरचा असतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतें, आणि स्त्रियांचीं हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात, हें त्याचेंच उदाहरण.

ह्या सामर्थ्याचीं दोन्ही रूपें जगानें पाहिलीं आहेत. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें संधिवातानें खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोंचण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. केंडल, हेंच व राइखश्टाइन यांना १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांचे चेहरे सुजले, रक्तांतील साखर वाढली, हाडें ठिसूळ झालीं. २०२० सालीं ब्रिटनमधील चांचणींत डेक्सामेथासोन ह्या स्टेरॉइडनें कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील कोविड रुग्णांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी केले. आणि २०२१ मध्यें भारतांत, विशेषतः मधुमेही रुग्णांत, काळ्या बुरशीचा जो फैलाव झाला, त्याला साखरेच्या हेळसांडीबरोबरच स्टेरॉइडचा अविचारी वापरही कारण झाला. औषध तेंच, योग्य रुग्ण, योग्य वेळ व योग्य मात्रा ह्यांवर जीवनमरण अवलंबून राहिलें.

ह्यावरून घरांत पाळण्याजोगे नियम थोडेच आहेत. दम्यासाठीं वा संधिवातासाठीं स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असल्यास त्या एकाएकीं बंद करूं नयेत; कारण बाहेरून पुरवठा होत असतां शरीराची स्वतःची ग्रंथि निजलेली असते, आणि तिला जागें होण्यास अवधि लागतो. तसेंच दुसऱ्याची चिठ्ठी पाहून त्या घेऊंही नयेत.

'ड' जीवनसत्त्वाविषयीं असें, कीं सकाळचें कोंवळें ऊन सुखद खरें, परंतु सूर्य तिरपा असतां उपयुक्त किरण जमिनीपर्यंत फारसे पोंचत नाहींत. आपली सांवली आपल्या उंचीहून आंखूड असते, त्या वेळचें ऊन थोडा वेळ अंगावर घेतलेलें अधिक कामीं येतें. खिडकीच्या कांचेंतून तें काम होत नाहीं, आणि सांवळ्या कातडीस अधिक वेळ लागतो. उणीव असल्यास औषध अवश्य घ्यावें. परंतु सर्व रोगांवरील रामबाण म्हणून नव्हे. अमेरिकेंत २५,८७१ लोकांवर झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत रोज 'ड' दिल्यानें कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाले नाहींत. अतिरेकानें तर रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

ज्या मुलाचे पाय वांकूं लागले आहेत, ज्या आजीला खुर्चींतून उठतांना मांड्यांत बळ वाटत नाहीं, त्यांच्यासाठीं मात्र हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नाहीं. वेळेवर वैद्याकडे नेल्यास आणि दार उघडून त्यांना अंगणांत आणल्यास त्यांतील बरेंच दुःख टळूं शकतें.