अठ्ठावीस दिवसांचा महिना



बाजारास जाणारा शहाणा मनुष्य ज्वारी घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, दोन दाणे दाताखाली फोडतो आणि मग भाव करतो. कापडाचा पोत बोटांनी चाचपता येतो; भूमचा खवा जिभेवर ठेवून पाहता येतो. आज ज्या बाजाराविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे, त्या बाजारातील माल मात्र डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि बहुतेक लोकांना तो पैसे अगोदर मोजल्यावाचून मिळत नाही. हा बाजार मोबाईल फोनचा. खुद्द यंत्राचा नव्हे, तर त्या यंत्रास वाचा देणाऱ्या कंपन्यांचा. पंडितांनी ह्या वस्तूस ‘भ्रमणध्वनी’ असे भारदस्त नाव दिले आहे. परंतु कळंबच्या बाजारात तो शब्द उच्चारल्यास दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील. तेव्हा मोबाईल, रिचार्ज आणि रेंज हे लोकांनी आपलेसे केलेले शब्दच मी वापरणार आहे. शुद्धिप्रेमी मंडळींनी क्षमा करावी.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ह्या वस्तूची किंमत काय, हे ती नव्हती तेव्हाच्या एका प्रसंगावरून चांगले कळते. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सास्तूरसारखी गावे डोळ्यांदेखत मातीस मिळाली. पुण्या-मुंबईस असलेल्या लेकरांना आईबाप जिवंत आहेत किंवा नाहीत हे जाणून घेण्यास रेडिओच्या बातम्यांस कान लावून बसणे, नाही तर मिळेल त्या गाडीने निघणे, एवढेच काय ते हाती होते. त्या वेळी साऱ्या देशातच मोबाईल नव्हता. पहिले संभाषण झाले ते १९९५ च्या ३१ जुलै रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम ह्यांनी दिल्लीस ऐकले.

सरकारने देशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात, म्हणजे सर्कलमध्ये, आरंभी दोन-दोन कंपन्यांना परवाने दिले. आपले सर्कल महाराष्ट्र व गोवा. मुंबई त्यातून वेगळी. येथे बिर्ला एटी अँड टी व बीपीएल ह्या दोघी प्रथम आल्या. दोघीच असल्यामुळे भावात घासाघीस होण्याचे कारण नव्हते. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर जाई, आणि नवलाची गोष्ट ही की, समोरच्याने केलेला फोन नुसता ऐकण्याचेही पैसे पडत. पाहुण्याने स्वतः होऊन यावे आणि वर जेवणाचे बिल यजमानापुढे ठेवावे, तशातला तो प्रकार होता.

पुढे १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक परवानाशुल्काऐवजी उत्पन्नाचा वाटा घेण्याची पद्धत आली व कंपन्यांचा गळफास सैल झाला. २००२ च्या ऑक्टोबरात सरकारी बीएसएनएलने मोबाईलच्या धंद्यात पाऊल टाकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिलायन्स आली. आणि २००३ च्या १ मे पासून येणारा फोन फुकट झाला. मोबाईल सामान्यांच्या हाती गेला तो ह्याच सुमारास. ‘मिस्ड कॉल’ नावाची एक बिनपैशाची भाषाही लोकांनी निर्माण केली. एकदा वाजवून ठेवला की पोचलो, दोनदा वाजविला की उशीर आहे; असे संकेत घरोघर ठरलेले असत. व्याकरण नसलेली एवढी निर्दोष भाषा मी माझ्या नोकरीच्या काळात दुसरी पाहिली नाही!

त्यानंतरची दहा वर्षे ही ह्या बाजाराची जत्राच होय. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, रिलायन्स, टाटा, एअरसेल, युनिनॉर. गावोगावच्या भिंती ह्यांच्या रंगांनी रंगून गेल्या. २००९ मध्ये टाटा डोकोमोने मिनिटाऐवजी सेकंदाला एक पैसा असा हिशेब सुरू करताच बाकीच्यांनाही तो करणे भाग पडले. २००८ साली वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या २ फेब्रुवारीस रद्द केले, तेव्हा ह्या जत्रेतली काही दुकाने उठली. खरी उलथापालथ झाली ती २०१६ च्या ५ सप्टेंबरपासून. जिओ आली, आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत तिने जवळजवळ सर्वच फुकट दिले. पाहता पाहता रिलायन्स कम्युनिकेशन्स व एअरसेल बसल्या; टेलिनॉर व टाटा एअरटेलच्या पोटात गेल्या; व्होडाफोन आणि आयडिया ह्यांनी २०१८ च्या ऑगस्टअखेरीस एकत्र संसार थाटला. आज महाराष्ट्रात जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया व बीएसएनएल अशी चारच नावे उरली आहेत.

असे का व्हावे? ह्याचे उत्तर एस.टी.च्या उदाहरणाने सहज समजेल. भूमहून परांड्यास जाणाऱ्या गाडीत पाच उतारू असोत की पन्नास, डिझेल आणि चालक-वाहकाचा पगार जवळजवळ तेवढाच. गाडी एकदा निघाली म्हणजे एक उतारू अधिक घेण्यास खर्च असा काही नाहीच. समजा, त्याच रस्त्यावर पाच कंपन्यांनी गाड्या सोडल्या, तर प्रत्येकजण रिकामी जागा भरण्यासाठी भाडे उतरवील, दुसरा त्याहून उतरवील, आणि अखेर ज्याच्या थैलीत सर्वांत जास्त पैसा तोच रस्त्यावर राहील. टॉवरचे गणित हेच. तो उभारण्याचा खर्च अवाढव्य. त्यावरून आणखी एक संभाषण नेण्याचा खर्च नगण्य. म्हणून ह्या धंद्यात स्पर्धा तीव्र झाली की भाव पाताळास जातात, आणि स्पर्धक संपले की ते हळूहळू जिना चढू लागतात. स्वस्ताई हा ह्या बाजाराचा स्वभाव नव्हे. ती युद्धकाळातील लूट होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिना कसा चढला पाहा. २००५-०६ च्या सुमारास ९९९ रुपयांत ‘आजन्म’ येणारे फोन मिळण्याची योजना निघाली होती. ह्या आजन्मतेचे आयुष्य बारा-तेरा वर्षांचे निघाले. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी येणारा फोन चालू ठेवावयाचा तरी २८ दिवसांस किमान ३५ रुपये भरा, असे बजावले. २०१९, २०२१ आणि २०२४ असे तीनदा भाव वाढले. २०२४ च्या जुलैत एअरटेल व व्होडाफोन-आयडियाचे २८ दिवसांचे १७९ रुपयांचे पॅक १९९ चे झाले. जिओचे १५५ चे १८९ झाले.

आणि येथेच मला माझा जुना गणिताचा तास आठवल्यावाचून राहत नाही. महिना म्हणजे २८ दिवस, हे कोणत्या पंचांगात लिहिले आहे? फेब्रुवारीखेरीज कोणत्याही महिन्यास ते लागू नाही. २८ ला १३ ने गुणल्यास ३६४ होतात. म्हणजे वर्षाचे महिने बारा, परंतु रिचार्ज तेरा. १९९ प्रमाणे बारांचे २,३८८ होतात, तेरांचे २,५८७. एका फोनमागे वर्षास एक रिचार्ज हा असा नकळत निघून जातो. घरात चार फोन असतील तर ७९६ रुपये. लबाडी म्हणावी तर कागदोपत्री सर्व स्वच्छ आहे; ‘महिना’ हा शब्द कंपनीने उच्चारलेलाच नाही, तो आपण मनात धरलेला असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ च्या जानेवारीत आज्ञा काढली की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचे आणि एक दर महिन्यास त्याच तारखेला नवे करता येण्याजोगे ठेवावे. तशी पॅके आहेत. पण ती दुकानदार आपण होऊन सांगत नाही, विचारावी लागतात.

दुसरी एक आज्ञा वडीलधाऱ्यांच्या उपयोगाची आहे. ज्या आजीला फक्त लेकीशी बोलावयाचे आहे, तिने दररोज दीड जीबी इंटरनेटचे पैसे का मोजावेत? २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने केवळ बोलणे व संदेश ह्यांपुरते वेगळे पॅक देणे कंपन्यांस बंधनकारक केले व त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यास मुभा दिली. त्यानुसार २०२५ च्या जानेवारीत एअरटेलने १,८४९ रुपयांत ३६५ दिवसांचे पॅक काढले. वर सांगितलेल्या २,५८७ शी ताडून पाहिल्यास ७३८ रुपयांचा फरक पडतो. नोकरीनिमित्त शहरात राहणारे आपल्यापैकी पुष्कळ जण गावाकडील आईवडिलांचे रिचार्ज येथूनच करीत असतात. त्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. भाव बदलत असतात, रीत तीच राहते.

हा प्रश्न शे-दोनशे रुपयांचा, त्याचा एवढा विस्तार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नंबर ही आता केवळ बोलण्याची वस्तू राहिलेली नाही. बँकेतून पैसे काढावयाचे, गॅस सिलिंडर नोंदवावयाचे, शेतकऱ्याने अनुदानाची चौकशी करावयाची, तर सहा आकडी संकेत त्याच नंबरावर येतो. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. स्वतःच्या बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाईलमधून पाठवावे लागते. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो परक्या माणसास मिळू शकतो. प्रीपेड खात्यात वीस रुपये शिल्लक असल्यास तो आणखी तीस दिवस राखता येतो, हे अनेकांच्या गावी नसते. आमच्याकडून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जी कुटुंबे बाहेर पडतात, ती घरी म्हाताऱ्यांपाशी एखादा जुना फोन ठेवून जातात. त्यात पैसे भरावयाचे कोणी विसरला, तर बंद पडतो तो फोन नव्हे. खात्याची किल्लीच हरवते.

आता रेंजविषयी. आमचा जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांवर पसरलेला. ह्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली की पलीकडील खोऱ्यात सावली पडते. त्यातही कमी कंप्रतेच्या लहरी लांब जातात व भिंती भेदतात. अधिक कंप्रतेच्या लहरी भार पुष्कळ वाहतात, पण लवकर थकतात. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहतात ती ज्या हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतींमुळे, त्याच भिंती रेंजच्या आड येतात. म्हणून खेड्यात संध्याकाळी माळवदावर उभे राहून मोठ्याने बोलणारी माणसे दिसतात. घरातील गुपित साऱ्या आळीस ऐकू जाते, त्यास इलाज नाही. तुळजापुरास नवरात्रात व पौर्णिमेस फोन लागत नाही, त्याचे कारण निराळे: विहीर एक आणि पोहरे हजार.

तेव्हा कोणती कंपनी चांगली, ह्या प्रश्नास सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. एका वस्तीत जी उत्तम ती तीन मैलांवर मुकी असते. २०२४ च्या नियमांन्वये कंपन्यांनी आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे आवश्यक झाले आहे. ते पाहावेत, परंतु शेजाऱ्याचा फोन मागून स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे राहून एकदा बोलून पाहणे ही त्याहून खात्रीची परीक्षा होय.

बीएसएनएलविषयी बोलताना पुष्कळांचा सूर एकतर उपहासाचा असतो, नाही तर देशाभिमानाचा. मला दोन्ही निरुपयोगी वाटतात. तिचे स्वदेशी बनावटीचे फोर-जी जाळे २०२५ च्या २७ सप्टेंबर रोजी सुरू झाले. खासगी कंपन्यांच्या मानाने फार उशिरा. तरीही तिचे स्वस्त पॅक बाजारात आहे तोवर इतरांना भाव वाढविताना एकदा मागे वळून पाहावे लागते. व्होडाफोन-आयडियाचे सुमारे ४९ टक्के भाग २०२५ पासून सरकारकडे आहेत, ते कर्जाच्या पोटी. हे दोन लंगडे गडी शर्यतीत टिकले नाहीत, तर उरतात दोघेच. आणि दोघांच्या बाजारात ग्राहकास काय भाव असतो, हे १९९५ नंतर आपण पाहिलेच आहे.

ग्राहकाच्या हाती एकच खरे शस्त्र आहे. २०११ च्या २० जानेवारीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मी स्वतः ते वापरले. घरात रेंज येत नाही म्हणून एका कंपनीकडे मी तीन महिन्यांत पाच तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी ‘आपली अडचण दूर करण्यात आली आहे’ असा संदेश येई, आणि तो वाचावयासही मला अंगणात जावे लागे! अखेर मी इंग्रजीत पोर्ट हा शब्द, त्यापुढे जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० ह्या क्रमांकावर पाठविला. आठ अक्षरांचा एक संकेत आला. तो चार दिवस चालतो. तेवढ्या अवधीत आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानी गेलो आणि तीन कामाच्या दिवसांत बदल झाला. पूर्वीच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावेत आणि पोस्टपेड असल्यास मागील बिल फेडलेले असावे, एवढ्याच मुख्य अटी. जुने सिमकार्ड बंद पडल्यावाचून नवे चालू होत नाही, म्हणून मधले काही तास फोन मुका राहतो. त्या दिवशी बँकेचे काम काढू नये.

तक्रार करावयाची असल्यास १९८ ह्या क्रमांकावर करावी व मिळालेला तक्रार-क्रमांक लिहून ठेवावा. त्याने समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तेथे पहिला प्रश्न त्या क्रमांकाविषयीच विचारतात.