नोटीस आणि नागरिक

श्रोते हो, आयकराची नोटीस आली की आपल्यापैकी कोणी वशिला शोधतो, कोणी ती कपाटात टाकून देतो. परंतु नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, ती विचारणा आहे. आपण गप्प बसलो, तर अधिकारी स्वतःच्या अंदाजाने आकारणी करतो; मग तक्रार कोणाकडे करायची?

१९६१ च्या आयकर कायद्यात २०१६ साली घातलेल्या कलमाने एक भेद केला. उत्पन्न कमी दाखवले, तर त्यावरील कराच्या ५० टक्के दंड. खोटे दाखवले, तर २०० टक्के. आणि ज्या खर्चाला काहीच पुरावा नाही, तोही या दुसऱ्या सदरात धरला. आपण फेकून देतो त्या पावतीची किंमत यावरून ओळखावी.

हुकूम मान्य नसेल तर त्याच कायद्याने ३० दिवसांत अपिलाची वाट दिली. तिच्याही वर १९४१ साली स्थापन झालेले अपील न्यायाधिकरण आहे, आणि ते अर्थखात्याच्या नव्हे, विधिखात्याच्या अखत्यारीत आहे. कर मागणारा एक, निवाडा करणारा दुसरा! हा हक्क आपलाच आहे. मात्र कागद जपून, मुदत पाळून तो मागावा लागतो. प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याने तो मागताना मुळीच संकोचू नये.