काळा कातळ आणि रानपिंगळा



संयोजकांनी मला ‘आयटीमधलं काहीतरी बोल’ असं सांगितलं होतं. पण ते तुम्ही घरी मुलांकडून रोज ऐकता. म्हणून मी आपल्याच जंगलातल्या एका पक्ष्याबद्दल बोलणार आहे.

शाळेत ‘नामशेष’ म्हटलं की आपल्याकडे दोनच उदाहरणं असायची, डोडो आणि डायनोसॉर. दोन्ही लांबची वाटायची. खरं तर डायनोसॉर संपले त्या सुमाराचा दगड आपल्या पायाखालीच होता. माहुली, नाणेघाट, माळशेज, हा सगळा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. लाव्ह्यात जीवाश्म सहसा सापडत नाहीत. पण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली आणि त्यांच्या गाळात काही जीव टिकले. मुंबईत वरळीला अशा थरात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेन यांनी. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे हेच ते ओवेन.

आता पक्षी. रानपिंगळ्याची नोंद १८७३ मध्ये झाली, शेवटचा नमुना १८८४ मध्ये मिळाला आणि मग तो दिसेनासाच झाला. मधे एका इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ चा एक नमुना आपला म्हणून दाखवला होता. पुढे पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तर संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी, फक्त चिठ्ठी नवी! ती खोटी नोंद बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणी शोधायला गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! चुकीचा डेटा काढला की उत्तर सापडतं, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच पटेल.

आणि २०१४ मध्ये तो आपल्या तानसा अभयारण्यात आढळला. आपण सहलीला गेलो ते तानसा.

जनुकांच्या अभ्यासातून तो आपल्या साध्या पिंगळ्याचाच भाऊबंद ठरला आहे. एकाच पूर्वजाचे दोन गट वेगळे पडतात, त्यांची वीण एकमेकांत होत नाही, बारीकसारीक बदल दोन्हीकडे साठत जातात आणि लाखो वर्षांनी दोन जाती होतात. एका प्रोग्रामच्या दोन प्रती दोन टीमकडे वर्षानुवर्षं राहिल्या की पुन्हा जुळत नाहीत, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे कोणी टीम लीडर नसतो.

साधा पिंगळा गावात, पडक्या भिंतीत, कुठेही राहतो. रानपिंगळ्याला मात्र सागाचं विरळ जंगल लागतं आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी डोंगराकडेला प्लॉट घेतलेत, मीही चौकशी केली होती. सपाटीकरणात पहिला नंबर लागतो तो अशाच वठलेल्या, पोकळ झाडाचा. एजंट त्याला ‘साफसफाई’ म्हणतो.

उद्या सकाळी आम्ही पाचजण तानसाला जाणार आहोत, वनखात्याची परवानगी घेतली आहे. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो, त्यामुळे रात्र जागायची गरज नाही. बाई, तुमच्यासाठी गाडीत जागा ठेवली आहे.