पेढी वेगळी, पेढीवाला वेगळा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित युवा मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नवा उद्योग उभारताना येणाऱ्या वैयक्तिक अडचणी व त्यांवरील उपाय, असा विषय विश्वस्त मंडळाने मला दिला आहे. केंद्र शासनाने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' ही योजना सुरू केली आणि 'स्टार्टअप' हा शब्द घराघरांत पोहोचला. शब्द नवा असला तरी स्वतःच्या हिमतीवर व्यवसाय मांडणे आपल्या समाजाला नवे नाही. भांडवल कोठून आणावे, करांची नोंदणी कशी करावी, माल कोठे विकावा, हे सांगणारे जाणकार आज पुष्कळ आहेत. मात्र उद्योग उभारणाऱ्या माणसाच्या मनावर, प्रकृतीवर आणि घरावर काय गुजरते, याची चर्चा सभेत होत नाही आणि घरातही क्वचितच होते. आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्यास एक कोडे पडते. मालकाने दुकानात घातलेले भांडवल ताळेबंदाच्या देणे बाजूला का लिहावयाचे? पैसा तर त्याचाच! त्याचे उत्तर असे की, हिशेबशास्त्र पेढीला मालकापासून वेगळी मानते. मालकाने दिलेला रुपयाही पेढी त्याला देणे लागते आणि मालकाने घरखर्चासाठी गल्ल्यातून घेतलेली रक्कम 'उचल' खात्यावर पडते. पहिल्या आठवड्यात शिकविला जाणारा हा नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ करतो. माझ्या मते उद्योजकाचे निम्मे दुःख हा नियम वह्यांत पाळून मनात न पाळल्यामुळे उत्पन्न होते.

आपल्या धर्मात याहून कितीतरी सखोल असा एक विचार आहे. देह वेगळा आणि आत्मा वेगळा, ही जाणीव म्हणजे भेदविज्ञान. आचार्य कुंदकुंदांच्या 'समयसार' ग्रंथात या विचाराला मध्यवर्ती स्थान आहे. मोक्षमार्गातील इतक्या थोर तत्त्वाची आणि दुकानदारीची बरोबरी करण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि ज्या समाजातील बालकाच्या कानावर 'देह म्हणजे मी नव्हे' हे शब्द लहानपणापासून पडतात, त्या समाजातील तरुणाला 'पेढी म्हणजे मी नव्हे' एवढे कळावयास कठीण जाऊ नये.

प्रत्यक्षात मात्र ते कठीण जाते. नवा उद्योग करणारा मुलगा रात्रंदिवस त्याच विचारात असतो. एखादी मागणी रद्द झाली तर आपलाच कोणी नकार केला असे त्याला वाटते. सुरुवातीच्या काळात घरी सांगण्यासारखे काही नसते म्हणून तो गप्प राहतो, आणि पुढे सांगण्यासारखे वाईट असते म्हणून गप्प राहतो. झोप तुटते, जेवणाच्या वेळा चुकतात, नातलगांच्या लग्नकार्यास जाणे तो टाळू लागतो. कापडाच्या धंद्यात आम्हाला लगीनसराईचा माल कित्येक महिने आधी उधारीवर भरावा लागतो. हंगाम फसला तर ताके कपाटात राहतात आणि हुंडीची मुदत दारात येऊन उभी राहते. ही चिंता व्यापाऱ्याला चुकलेली नाही. परंतु त्या चिंतेत माणूस आपली किंमत दुकानातील शिल्लक मालावरून करू लागला की संकटाचे स्वरूप पालटते.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 'कॅफे कॉफी डे'चे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ जुलै २०१९ च्या अखेरीस मंगळूरजवळ बेपत्ता झाले आणि दोन दिवसांनी नेत्रावती नदीत त्यांचा मृतदेह मिळाला. त्यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या पत्राचा आशय, उद्योजक म्हणून आपण अयशस्वी ठरलो, असा होता. त्यानंतर कंपनीची मालमत्ता विकून हजारो कोटींच्या कर्जाचा मोठा भाग कमी करण्यात आला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची सूत्रे हाती घेतली. अडचणी सर्वस्वी संपल्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या कर्जापुढे मार्ग उरला नाही असे वाटले, त्या कर्जाला मार्ग होता. गेलेला माणूस तेवढा परत आला नाही. कुणाच्या अंतःकरणात काय चालले होते हे ठरविण्याचा आपणास अधिकार नाही. आपण त्यातून सावध व्हावे, इतकेच.

आता आपल्या परंपरेकडे वळू. 'उपासकदशांग' सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिला आनंद श्रावक, वाणिज्यग्रामाचा रहिवासी. त्याच्याजवळ बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या असे वर्णन आहे. त्यांपैकी चार कोटी भांडारात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरदार-मालमत्तेत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याने व्यापारात घातलेला वाटा एक-तृतीयांशापुरता होता. व्यापार बुडाला असता तरी घर राहिले असते आणि भांडारही राहिले असते.

आनंदाने भगवंतांकडून श्रावकाची बारा व्रते स्वीकारली आणि धन, जमीन, गाड्या, जनावरे या सर्वांची मर्यादा बांधून घेतली. पुढील प्रसंग मला विशेष बोधप्रद वाटतो. घरी परतताच त्याने ही गोष्ट पत्नी शिवानंदा हिला सांगितली आणि तिनेही जाऊन तीच व्रते घेतली. म्हणजे मर्यादा एकट्याची राहिली नाही. ती घराची झाली. चौदा वर्षे व्रतपालन केल्यावर पंधराव्या वर्षी आनंदाने आप्तांच्या समक्ष थोरल्या पुत्राकडे कारभार सोपविला आणि तो पौषधशाळेत धर्मध्यानासाठी निघून गेला. कारभार मांडणे, त्याला मर्यादा घालणे आणि वेळ येताच तो सोडणे, या तिन्ही गोष्टी एका गृहस्थाने करून दाखविल्या आहेत.

अलीकडच्या काळातील उदाहरण शेठ वालचंद हिराचंद यांचे. १८८२ साली सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरचा जम बसलेला व्यापार सोडून ते रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले. १९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने त्यांनी बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला आणि युद्धकाळात, १९४२ साली, सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेऊन तो ताब्यात घेतला. विशाखापट्टणम् येथील जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. एप्रिल १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले व कामात खंड पडला. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जल-उषा' हे जहाज पाण्यात उतरले. पुढे १९५२ मध्ये या कारखान्याची बहुतांश मालकीही सरकारकडे गेली आणि १९५३ मध्ये शेठजींचे निधन झाले. हातून गेलेला विमानांचा कारखाना आज 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स' या नावाने उभा आहे. एक कारखाना हातचा गेला तरी माणूस संपला नव्हता, म्हणूनच दुसरा उभा राहिला.

दुसरे उदाहरण खानदेशातील. पद्मश्री भवरलालजी जैन यांचा जन्म १९३७ साली जळगाव जिल्ह्यातील वाकोद या गावी झाला. वाणिज्य व कायद्याची पदवी घेतल्यावर सरकारी अधिकारपदाची संधी समोर असताना त्यांनी व्यापाराचा मार्ग पत्करला आणि १९६३ मध्ये, कुटुंबाने तीन पिढ्यांत साठविलेल्या सात हजार रुपयांवर, रॉकेलच्या विक्रीपासून प्रारंभ केला. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद पडत आलेला कारखाना घेऊन त्यात त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन काढले. पुढे पीव्हीसी नळ आणि ठिबक सिंचन यांमुळे त्यांचे नाव देशभर झाले. नव्वदच्या दशकात मूळ व्यवसायाबाहेरच्या क्षेत्रांत केलेल्या विस्तारामुळे कंपनीला मोठा तोटा झाला. तेव्हा त्यांनी भागधारकांची वृत्तपत्रांतून जाहीर क्षमा मागितली, नको ती क्षेत्रे सोडली आणि ते पुन्हा शेतीकडे वळले. हृदयविकाराने त्यांना अनेकदा गाठले होते, तरीही २०१६ साली निधन होईपर्यंत ते कार्यरत राहिले. त्यांच्या पश्चात २०१९ मध्ये कंपनी पुन्हा कर्जफेडीच्या अडचणीत आली आणि २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. पेढीचे चढउतार पेढीवाल्याच्या आयुष्यानंतरही चालूच राहतात, हे यावरून ध्यानी यावे. मला यातील क्षमायाचना सर्वांत मोलाची वाटते. आपण संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो, तो भाव एका व्यापाऱ्याने ताळेबंदापर्यंत नेला. ज्याला आपण आणि आपला तोटा वेगळे आहोत हे उमगले आहे, तोच तोटा चारचौघांत मान्य करू शकतो.

तरुण मित्रांनो, आता थोडे व्यवहाराचे बोलतो.

प्रारंभ करण्यापूर्वीच परिमाण ठरवा. किती रुपये आणि किती वर्षे, हे दोन आकडे कागदावर लिहून आई-वडील आणि पत्नी किंवा पती यांच्यासमोर वाचून दाखवा. संकटात माणसाला मर्यादा सुचत नाही; ती आधीच बांधलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट सहीची. भागीदारी पेढीत, १९३२ च्या कायद्याप्रमाणे, पेढीच्या कर्जाला भागीदाराची खाजगी मालमत्ताही जबाबदार असते. मर्यादित कंपनीत किंवा २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीत ही जबाबदारी सर्वसाधारणपणे घातलेल्या भांडवलापुरती राहते. परंतु बँक जेव्हा संचालकाची वैयक्तिक हमी मागते आणि आपण ती देतो, तेव्हा कायद्याने बांधलेली भिंत आपणच आपल्या सहीने पाडतो. वडिलांचे राहते घर किंवा पत्नीचे स्त्रीधन तारण ठेवण्यापूर्वी ती सही नेमकी कशावर आहे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा आणि त्यांना 'नाही' म्हणण्याची मोकळीक द्या.

तिसरी गोष्ट दिनचर्येची. चौविहार पाळणाऱ्या आपल्या पूर्वजांना सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी घर गाठावे लागे; त्यामुळे दुकानाच्या कामाला दिवसातून एकदा तरी आपोआप खंड पडे. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे ही आत्म्यासाठी आहेत, व्यापाराच्या लाभासाठी नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही रोज तेवढा वेळ भ्रमणध्वनी दूर ठेवून समतेत बसणाऱ्याला, आपल्यावाचून पेढी तेवढा वेळ चालते, याचा अनुभव येतो. प्रतिक्रमणही आपल्याकडे दिवसाचे, रात्रीचे, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असे पाच प्रकारचे सांगितले आहे. दोष वर्षभर साठू देऊ नयेत, ही त्यातील दृष्टी. घरातील माणसांशीही असेच बोलत राहावे. वाईट बातमी ताजी असते तेव्हा लहान असते.

आणि मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठीच आहे. तापासाठी डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नसेल तर यातही तो नाही.

शेवटी दोन शब्द आम्हा वडीलधाऱ्यांसाठी. तरुणाला पेढीपासून वेगळे होता येत नाही, याला समाजही कारणीभूत आहे. मुलगा भेटला की आपण प्रथम 'धंदा कसा चाललाय?' असे विचारतो. 'तू कसा आहेस?' हा प्रश्न राहून जातो. एखाद्याचे दुकान बंद झाले की त्याच्या घरी जाणे-येणे कमी होते, त्याच्या बहिणीच्या स्थळाची चौकशी थांबते, पंगतीत कुजबुज होते. लेखी हिशेबात जी चूक कोणताही हिशेबतपासनीस खपवून घेणार नाही, ती चूक आपण माणसांच्या बाबतीत राजरोस करतो. पेढीचा तोटा माणसाच्या खात्यावर लिहितो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने शिष्यवृत्त्या द्याव्यात, वैद्यकीय मदत द्यावी, हे योग्यच आहे. त्यात एका गोष्टीची भर घालावी अशी माझी नम्र विनंती आहे. न्यासातील चार-पाच अनुभवी व्यापाऱ्यांनी महिन्यातून एका रविवारी याच सभागृहात बसावे आणि ज्या तरुणाला आपली अडचण सांगावयाची आहे त्याचे केवळ ऐकून घ्यावे. तेथे कर्ज मिळणार नाही, उपदेशही कमी असावा, आणि तेथे बोललेला शब्द सभागृहाबाहेर जाऊ नये. याला खर्च लागणार नाही. वेळ आणि जिभेचा संयम लागेल. यासाठी माझे नाव आजच लिहून घ्यावे, अशी कार्यवाहांना विनंती करतो.

येत्या लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीचे पूजन करून तिच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहू. जुनी वही त्या दिवशी बंद होते, तिच्यातील शिल्लक किंवा तूट नव्या वहीत ओढली जाते. मात्र वही लिहिणारा दोन्ही वेळा तोच असतो आणि तो धडधाकट असावा लागतो. आपल्या समाजातील प्रत्येक नवा उद्योग यशस्वी होवो अशी माझी शुभेच्छा आहेच. त्याआधी तो उभारणारा प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी सुखरूप राहो, अशी जिनेश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.